तीन दिवसांची पुडी आणि जन्माचे दुखणे

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावाला एका बाजूस भातखाचरे व दुसऱ्या बाजूस धाटावचे कारखाने यांचा शेजार आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे शहरी सुखवस्तूंचे विकार, असे मानण्याचे दिवस अशा गावांतूनही केव्हाच सरले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांपैकी जे खेड्यांत राहतात, त्यांचा भार ग्रामीण डॉक्टरवर पडतो. आणि रोग्याच्या गोळ्या सुटल्या की बोलही त्यालाच लागतो.

हा न्याय नव्हे. खाजगी दवाखान्यात रोगी पैसे मोजतो ते सुईचे आणि तीन दिवसांच्या पुडीचे. पंधरा मिनिटे समजावून सांगण्याचे मोल कोण देतो? शिवाय पावसाळ्याची बेगमी म्हणून घरात सुकी मासळी भरून ठेवलेली असता ‘मीठ कमी करा’ हा उपदेश कितीसा पचणार! प्राथमिक आरोग्य केंद्राची तऱ्हा निराळी. सपाटीवर ३० हजार, डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने बाळंतपणे, लसीकरण, शवविच्छेदन व बैठका सांभाळून हे दुखणे पाहावयाचे. वर हिशेब मागितला जातो तो मुख्यतः किती जणांची तपासणी झाली याचा. वर्षभर किती जणांचा दाब आटोक्यात राहिला, हा खरा प्रश्न मागे पडतो.

तो विचारता येतो, हे २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने दाखविले आहे. ठरलेली औषधे, महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येक भेटीची नोंद, एवढीच त्याची सामग्री.

परंतु रायगडात महिनाही अपुरा पडतो. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गोळ्या सरल्या की भट्टीवरची मजुरी बुडवून गावच्या केंद्रात कोण येणार? ज्यांचा विकार स्थिरावला आहे, त्यांना निघतानाच तीन महिन्यांचे औषध मिळावे. नोंदीची वही रोग्याच्या हाती असावी, आणि भट्टीजवळच्या केंद्राने तीच वही पाहून पुढच्या गोळ्या द्याव्यात. दिवाळीपूर्वी निघालेला शासनाचा एक आदेश यासाठी पुरे.