कोपरा कापलेल्या रेकॉर्डी

जुन्या रेकॉर्डींच्या धंद्यात ‘व्हेरी गुड’ म्हणजे ‘फारशी बरी नाही’. ज्यांना हे माहीत नसेल त्यांनी पैसे पाठवण्याआधी एवढं वाचून घ्यावं. अमेरिकेत ‘गोल्डमाइन’ नावाच्या मासिकाने रूढ केलेली एक प्रतवारी चालते. सगळ्यात वर ‘मिंट’, त्याखाली ‘निअर मिंट’, मग ‘व्हेरी गुड प्लस’, आणि मग नुसती ‘व्हेरी गुड’. या नुसत्या व्हेरी गुडची किंमत निअर मिंटच्या साधारण पाव धरतात. म्हणजे ओरखडे दिसतात, खरखर ऐकू येते, कव्हरच्या कडा उसवायला आलेल्या असतात. आणि ‘गुड’? ‘गुड’ म्हणजे गरम पातेलं ठेवायला उपयोगी. (लग्नाच्या जाहिरातींतला ‘उजळ गव्हाळ’ ज्यांना वाचता येतो त्यांना ही प्रतवारी चटकन समजते.)

मी ह्यूस्टनला राहतो आणि गेली बरीच वर्षं नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जुन्या रेकॉर्डी जमवतो, विकतो. सगळ्या नाही. कंट्री संगीतातली जी मंडळी स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच गिटार घेऊन गातात, फक्त त्यांच्या. टाउन्स व्हॅन झँट, गाय क्लार्क, क्रिस क्रिस्टॉफरसन, थोडा कंट्री आणि थोडा फोक असा सीमेवरचा जॉन प्राइन. आपल्या भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा अशी वाटणी बहुतेक वेळा असते. त्यामुळे असा माणूस आपल्याकडे शोधायचा तर शाहिरांच्या दारात जावं लागतं. वामनदादा कर्डक डोळ्यासमोर आणा. स्वतः रचायचं, स्वतः गायचं, गावोगाव हिंडायचं. विषय वेगळे, लढाई वेगळी, पण पिंड ओळखीचा वाटतो.

असो. मुद्द्यावर येतो. या धंद्यात राहून माझं एक मत बनत गेलंय, आणि ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडत नाही. जुन्या रेकॉर्डीची किंमत ही गाण्याची किंमत नसतेच. त्या वेळी लोकांनी त्या गाण्याकडे किती पाठ फिरवली, त्याची ती किंमत असते.

उदाहरण बघा. विली नेल्सनच्या १९७५च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ आणि १९७८च्या ‘स्टारडस्ट’ या रेकॉर्डी उत्तम आहेत, याबद्दल कुणाचं दुमत नसावं. ‘स्टारडस्ट’च्या कव्हरवरचं चित्र तर गाय क्लार्कच्या बायकोने, सुझॅनाने, काढलेलं. पण या दोन्ही लाखांनी खपल्या, म्हणून आज टेक्सासात कुठलाही खोका उपसा, त्यातून विली बाहेर येतोच आणि थोडक्या डॉलरांत घरी येतो. उलट टाउन्स व्हॅन झँटची १९६९ची ‘आवर मदर द माउंटन’. पॉपी नावाच्या छोट्या कंपनीने काढलेली. तेव्हा फारसं कुणी घेतलं नाही. म्हणून आज पॉपीचं मूळ लेबल असलेली स्वच्छ प्रत दिसली की माणसं कोपराने एकमेकांना ढकलतात. मी माझी एक प्रत १६० डॉलरला विकली. विलीपेक्षा टाउन्स तीस-चाळीस पट थोर आहे असं त्या गिऱ्हाइकाचंही म्हणणं नव्हतं, आणि माझंही नाही.

क्रिस्टॉफरसनची गोष्ट तर याहून मजेशीर. त्याची पहिली रेकॉर्ड ‘क्रिस्टॉफरसन’ १९७० साली आली आणि पडली. पुढे जॅनिस जॉप्लिनने गायलेलं त्याचं ‘मी अँड बॉबी मॅगी’ तिच्या मृत्यूनंतर, १९७१ साली, पहिल्या क्रमांकावर गेलं. कंपनीने लगेच तीच रेकॉर्ड त्या गाण्याचं नाव देऊन पुन्हा बाजारात आणली. गाणी तीच, आवाज तोच. पण संग्राहक शोधतात तो १९७०चाच नग, जेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं.

आता कोपऱ्याकडे येतो. जुन्या रेकॉर्डी चाळताना तुम्हाला कव्हरचा एक कोपरा तिरका कापलेला दिसेल, किंवा कडेला करवतीने मारलेली चीर, नाहीतर पंचचं भोक. याला ‘कट-आऊट’ म्हणतात. खपत नाही म्हणून कंपनीने यादीतून काढून टाकलेला माल कव्हरला अशी खूण करून मातीमोल भावात फुंकायचा. खूण यासाठी, की दुकानदाराने तो पूर्ण किमतीला परत करू नये. अशा मालावर गायकाला रॉयल्टी नाही, असं करारात सहसा लिहिलेलंच असायचं. म्हणजे तो कापलेला कोपरा हा त्या माणसाच्या अपयशाचा शिक्का झाला. आमच्या बाजारात त्याची चर्चा फक्त एवढीच होते की यामुळे किंमत किती कमी करायची.

दुसरा प्रकार पांढऱ्या लेबलाचा. रेडिओवाल्यांना फुकट वाटलेल्या प्रती, ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेल्या. फुकट वाटलेल्या, म्हणून गायकाला त्यावरही काही नाही. संग्राहकांना मात्र त्या जास्त प्रिय, कारण त्या सुरुवातीच्या छपाईतल्या आणि मोजक्या. (या विकणं कायदेशीर आहे का, असं लोक दबक्या आवाजात विचारतात. एका मोठ्या कंपनीने अशा फुकट सीडी विकणाऱ्यावर खटला भरला होता. २०११ साली अपिलात निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.)

आणि वापरलेली रेकॉर्ड विकली तर? शून्य. अमेरिकेत एकदा विकलेली वस्तू पुढे कुणी कितीला विकावी यावर मूळ मालकाचा हक्क उरत नाही. पुस्तकाबाबत हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच मांडलं. थोडा हिशेब करू या. १९०९पासून १९७७ अखेरपर्यंत रेकॉर्डवरच्या एका गाण्यामागे गीतकाराच्या बाजूला द्यायचा कायदेशीर दर होता दोन सेंट. पुरी ६८ वर्षं दोन सेंट! ‘आवर मदर द माउंटन’वर अकरा गाणी. म्हणजे कायद्याच्या दराने एका रेकॉर्डमागे बावीस सेंट, आणि ते प्रकाशक व गीतकार यांनी वाटून घ्यायचे. मी १६० डॉलर घेतले तेव्हा टाउन्सच्या वारसांकडे यातलं काहीच गेलं नाही.

चित्रांचं असं नाही. फ्रान्समध्ये १९२०पासून चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला वाटा मिळतो. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ‘५३अ’ कलम आलं. मूळ चित्र, शिल्प, अगदी गाण्याचं मूळ हस्तलिखितसुद्धा दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर निर्मात्याला वाटा मागता येतो. छापून काढलेल्या रेकॉर्डीला ते लागू नाही, आणि लागू करणं व्यवहारात शक्य होईल असं मला वाटतही नाही. गराजमध्ये बसलेल्या माझ्यासारख्याकडून दर नगामागे हिशेब कोण घेणार?

तुम्ही म्हणाल, मग बंद कर की दुकान! तसंही नाही. आमच्यासारखे किडे नसते तर यातल्या निम्म्या रेकॉर्डी कचऱ्यात गेल्या असत्या. इथे म्हातारी माणसं गेली की मुलं घरातलं सामान दोन दिवसांत विकून मोकळी होतात. त्यात रेकॉर्डींचा खोका सोफ्याच्या मागे असतो आणि त्याला कुणी वारस नसतो. शिवाय जुन्या प्रतींना गिऱ्हाईक आहे हे दिसल्याशिवाय नवी छपाई करायला कोण धजावतं? टाउन्सच्या रेकॉर्डी मिसिसिपीतल्या फॅट पॉसम कंपनीने पुन्हा काढल्या. त्या नव्या प्रतींवर गीतकाराच्या बाजूला पैसे जातात, आणि दरही आता दोन सेंट नाही, २०२३ साली तो बारा सेंट झाला. म्हणून कुणी नुसतं गाणं ऐकायला आलं तर मी सरळ सांगतो, नवी प्रत घ्या, स्वस्तही पडेल. बायको म्हणते, असा दुकानदार पाहिला नाही. (ती खरं तर वेगळा शब्द वापरते.)

माझा राग आहे तो एका वेगळ्याच गोष्टीवर. ७ एप्रिल २०२०ला जॉन प्राइन करोनाने गेला. प्राइन म्हणजे कधीकाळी शिकागोजवळ घरोघर पत्रं वाटणारा पोस्टमन. मोठ्या कंपन्यांचा कंटाळा येऊन १९८१ साली त्याने मित्रांबरोबर ‘ओ बॉय’ ही स्वतःची कंपनी काढली आणि पोस्टाने रेकॉर्डी विकल्या. आपल्या गाण्याचे पैसे आपल्याच घरात यावेत याची सोय करून ठेवणारा असा गायक विरळा. तो गेला त्या रात्री इंटरनेटवरच्या याद्या मी बघत होतो. त्याच्या १९७१च्या पहिल्या रेकॉर्डीचे आकडे काही तासांत वर चढले. श्रद्धांजलीही तीच माणसं लिहीत होती. क्रिस्टॉफरसन २८ सप्टेंबर २०२४ला गेला, तेव्हाही तेच. मागणी वाढली की भाव वाढतो, हे मला शाळेत शिकवलंय. पण डोळे पुसता पुसता दुसऱ्या हाताने किंमतपट्टी बदलायची, हे मला जमत नाही, आणि ‘आम्ही रसिक’ म्हणवणाऱ्यांनी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुणी गेलं की त्याच्या रेकॉर्डीची चिठ्ठी मी महिनाभर बदलत नाही. यात तोटा होतो. झाला तर झाला.

आणखी एक चीड म्हणजे सील न फोडलेली प्रत. पन्नास वर्षं प्लास्टिकमध्ये. लोक ती दुप्पट-तिप्पट भावाने घेतात आणि तशीच कपाटात ठेवतात. गाणाऱ्याचा आवाज आत, पण त्याला कुणीही एकदाही ऐकलेलं नाही, आणि नेमके त्याचेच पैसे! अशी प्रत माझ्याकडे आली की मी नखाने प्लास्टिक फाडतो, पिन ठेवतो, आणि मग ‘निअर मिंट’ लिहून विकतो. यावरून मला वेड्यात काढणारे बरेच आहेत.

गेल्या महिन्यातल्या रेकॉर्ड मेळ्यात एक विशीतली मुलगी बराच वेळ माझा खोका चाळत बसली होती. शेवटी तिने ‘लाइव्ह ॲट द ओल्ड क्वार्टर’ उचलली. ही टाउन्सने १९७३च्या जुलैत इथेच, ह्यूस्टनच्या एका छोट्या बारमध्ये गाऊन रेकॉर्ड केलेली, आणि १९७७ साली निघालेली. दोन रेकॉर्डींचा संच. कोपरा कापलेला, आधीच्या मालकाने कव्हरवर निळ्या पेनाने स्वतःचं नाव लिहिलेलं, प्रत व्हेरी गुड. तिला म्हटलं, यात खरखर बरीच आहे, नवीन छापलेली मिळते. ती म्हणाली, ते माहितेय, पण पिन उडते का तेवढं सांगा. मी म्हटलं, पिन कुठेच उडत नाही, चारही बाजू मी स्वतः ऐकल्यात. पंचवीसची चिठ्ठी होती, तिच्याकडे वीस होते. वीसला दिली.