तापाची रजा

मराठवाड्यातला सप्टेंबरचा पूर, पहिलीपासूनच्या हिंदीचे मागे घेतलेले शासन निर्णय, जागतिक वारशाच्या यादीत गेलेले शिवकालीन किल्ले: वर्षातल्या या घडामोडींवर या दिवाळी अंकात स्वतंत्र लेख आहेत. संपादकीयाची जागा राखली आहे ती वर्षभर डाचत राहिलेल्या एका गोष्टीसाठी. ताप अंगावर काढणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते.

शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्रक अनेक शाळा आजही देतात. ते हुकू नये म्हणून ऐन पावसाळ्यात फणफणलेल्या मुलाला पॅरासिटामॉल देऊन व्हॅनमध्ये बसवले जाते. मधल्या सुट्टीपर्यंत गोळीचा असर ओसरतो, मूल बाकावर डोके टेकवते आणि त्या आठवड्यात अर्धा वर्ग खोकू लागतो. त्याच गल्लीत घरकाम करणारी बाई पदराने नाक पुसत तिसऱ्या घरची भांडी घासत असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. त्या तिसऱ्या घरात दम्याचे आजोबा असतात.

गोळीने ताप उतरतो, विषाणू जात नाही. फ्लूचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पसरतो आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तो सर्वांत जोरात असतो. नेमके तेच दिवस आपण ‘साधं व्हायरल आहे’ म्हणत कामावर काढतो.

पुण्याला हे नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी याच शहरात गेला, तोही चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. मग नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ज्या शहरात आहे, तिथली ही गत.

त्याआधीचा दाखला मुंबईचा. जून १९१८मध्ये गोदीवरच्या एकासह काही पोलीस शिपाई तापाने पडले, पावसाळा सरताना दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसे गेली. फ्लूच्या त्या साथीत शहरातल्या युरोपियनांचा मृत्युदर हजारी आठच्या आसपास होता; तेव्हाच्या नोंदींत ‘खालच्या जाती’ म्हणून मोजलेल्यांचा हजारी एकसष्ट. दाटीच्या चाळी, रिकामी पोटे आणि अंथरूण धरण्याची चैन न परवडणे, यांचा हा हिशेब आहे.

महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, थंडीत तो पुन्हा डोके वर काढतो. लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून वयस्कर, गरोदर, मधुमेही आणि दम्याच्या माणसांनी डॉक्टरांना लशीबद्दल विचारावे ते आत्ता, फराळाच्या धांदलीतच. लस महाग आहे, हे खरे. सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी शिल्लक असेल, तर रखवालदार आणि सफाई कामगारांच्या लशीचा खर्च त्यातून भागवता येईल.

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘शेजार’ आहे. शेजारधर्माच्या सुंदर आठवणी पुढच्या पानांवर भरपूर आहेत. या पानाची मागणी त्यांहून रोकडी: सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या पालकसभेत हजेरीचे ते प्रशस्तिपत्रक बंद करायला सांगावे. आणि घरकामाच्या बाईंच्या हाती बोनसचे पाकीट देतानाच स्पष्ट बोलावे, की ताप आला तर यायचे नाही, गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तेव्हाच यायचे, आणि त्या दिवसांचे पैसे कापले जाणार नाहीत. अंकाचे वाचक हे करतील, याची खात्री आहे.