रात्रीवर लादलेला अर्थ

कवितेत रात्र आली की निराशा, अज्ञान, मृत्यू. पहाट आली की आशा. परीक्षेच्या मार्गदर्शकांपासून ग्रंथपरीक्षणांपर्यंत हे समीकरण इतके रुळले आहे, की कविता न वाचताही रसग्रहण लिहून होते. हे समीकरण चुकीचे आहे.

त्याच्या बाजूचे दाखले वजनदार आहेत, हे आधी मान्य करू. बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना अंधारातून उजेडाकडे जाऊ मागते. ज्ञानदेव पसायदानात पापाचा अंधार हटावा असे मागतात. पण दोन्ही ठिकाणी नको आहे तो अंधार; रात्रीविषयी तक्रार नाही. ऋग्वेदातले रात्रिसूक्त (१०.१२७) तर या दोघांना एकमेकांसमोर उभे करते. तिथे रात्र ही देवी आहे, उषेची बहीण आहे, आणि अंधाराला पिटाळते ती स्वतःच, आपल्या तेजाने. गावे निजली आहेत, पाखरे घरट्यात आहेत. लांडगा आणि चोर यांना दूर ठेव, असे तिला विनवले जाते. जिच्यावर राखण सोपवली, तिला निराशेचे प्रतीक कसे म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, मग महाभारतातल्या सौप्तिक पर्वाचे काय? वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारते, ते पाहून अश्वत्थाम्याला मार्ग सुचतो. तो पांडवांच्या शिबिरात शिरून निजलेल्या धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. मरणाऱ्या योद्ध्यांना साक्षात काळरात्र दिसते. खरे आहे, याहून भयाण रात्र आपल्या साहित्यात क्वचितच असेल. पण भय कशाचे आहे? झोपलेल्यांच्या विश्वासाचा घात करायला कोणी जागा राहिला आहे, त्याचे.

म्हणून रात्रीला वाटेल तो अर्थ जोडता येतो, हा दुसरा पक्षही मला मान्य नाही. अर्थ ठरतो तो त्या रात्री कोण जागे आहे आणि कशासाठी, यावरून. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सर्वांची जी रात्र, तिच्यात संयमी पुरुष जागा असतो. आणि सगळे जागतात ती वेळ त्याला रात्रीसारखी. गोंधळात आणि खंडोबाच्या जागरणात सारे घर जागते आणि रात्र देवाची होते. दिवसा हेच घर कामाला जुंपलेले असते.

सुरेश भटांकडे पाहा. त्यांच्या प्रेमगीतांत रात्र दोघांची आहे, तिथे उजेडच परका. ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटातल्या त्यांच्या गाण्यात मात्र रात्र भीषण आहे, कारण लोक ज्या पहाटेची वाट पाहत होते, तीच त्यांना फसवून गेली. इथे तर पहाटेवरही भरवसा उरलेला नाही. एकाच कवीच्या या दोन रात्री ‘रात्र म्हणजे निराशा’ या एका ओळीत कोंबल्या, तर दोन्ही गाणी हातची जातात.

मराठी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘रात्र कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून काढून टाका. त्याऐवजी या कवितेत कोण जागे आहे आणि का, हे मुलांना विचारा. उत्तरासाठी त्यांना कविता वाचावीच लागेल.