शिक्का कुठला?

अवकाशमोहिमांची स्मारक पाकिटे जमवणाऱ्या मंडळींचा एक दंडक आहे. चित्र झगझगीत हवे, विशेष शिक्का ठळक हवा, कोपरा मुडपलेला नसावा. आणि पत्ता? तो नसलाच तर उत्तम! जे पत्र कोणी लिहिले नाही, कोणाला पोचले नाही, त्याला ही मंडळी टपालाचा इतिहास म्हणतात. आमचा याला साफ विरोध आहे.

शिक्का म्हणजे साक्ष. अमुक दिवशी, अमुक गावी हा कागद टपालात पडला, एवढेच तो सांगतो. त्याचे मोल या खरेपणात आहे. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी सुमारे ४०० पाकिटे परवानगीवाचून चंद्रावर नेली. त्यांतली १०० एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली, बोभाटा झाला, तिघांवर ठपका आला. चंद्रावर जाऊन आलेला कागदही दुकानाचा माल ठरला, कारण तो विकण्यासाठीच गेला होता!

कोणी म्हणेल, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात अवकाशाचे पाकीट मिळावे कोठून? ते श्रीहरिकोट्याहूनच मागवायचे. महाशय, २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, ऐन गुढीपाडव्याला, अवकाशच सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला आले. आकाशात जळते लोळ दिसले आणि सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे गावात कोसळले. आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

तो शनिवार होता. रविवारी टपालघर बंद. सोमवारी, ४ एप्रिलला, पाच रुपयांचे तिकीट लावून आमच्या किती संग्राहकांनी तालुक्यातून एक साधे पत्र टाकले? कडे कुठे पडले, आवाज कसा झाला, पोरे कशी धावली, अशा चार ओळी आणि वर त्या दिवसाचा शिक्का! तेच अवकाशयुगाचे अस्सल पाकीट ठरले असते.

खेड्यातला शिक्का पुसट उठतो, ही तक्रार आम्हांला ठाऊक आहे. उठेना का पुसट! खोट्या ठळकपणापेक्षा खरा पुसटपणा बरा.

अग्निबाण उडतो तिथे सोहळा होतो, पाकिटे छापली जातात. तो पडतो तिथल्या माणसांचे नाव मात्र कोणत्याच अल्बमात नसते. ते नोंदवण्याचे काम श्रीहरिकोटा करणार नाही. ते आपल्याच टपालपेटीतून व्हायला हवे.