बेअरिंग पुन्हा का गेले?

जबलपूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या मोटारसायकलीच्या मागच्या चाकाची बेअरिंगे पंधरा महिन्यांत तीन वेळा बदलावी लागली. दर खेपेस नवा माल, नवी मजुरी, आणि काही महिने लोटताच चाकातून पुन्हा तीच घरघर. त्यांच्या पत्नी शहराबाहेरच्या शाळेत शिक्षिका असून रोज ४० किलोमीटरांची ये-जा त्या याच गाडीवर मागे बसून करीत असत. गेल्या महिन्यात एका वळणावर चाक लचकले, तेव्हापासून त्यांनी गाडीवर बसणे सोडले आहे. गाडी विकून टाकावी काय, अशी पृच्छा पत्रात केली आहे.

त्या बाईंचा निर्णय अगदी रास्त आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. बेअरिंग पुरते फुटले म्हणजे चाक आसावर तिरके होते, ब्रेक घासू लागतो, चेन उतरण्याचा संभव असतो. आणि हे सारे गाडी वेगात असताना, मागे कोणी बसलेले असताना घडते. चाक डुगडुगत असेल तर गॅरेजपर्यंत गाडी चालवीत नेण्याचाही मोह धरू नये. टेंपोत घालून न्यावी. विकण्याची मात्र घाई नको. चांगले बेअरिंग सामान्य वापरात कित्येक वर्षे बिनतक्रार चालते. एकाच जागी तीन बेअरिंगे लागोपाठ जातात, तेव्हा त्या जागेतच काही दोष असावयास हवा. तो न शोधता गाडी विकणे म्हणजे दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या पाठीशी तो लावून देणे होय.

बेअरिंगला पारिभाषिक मराठीत ‘धारवा’ असा सुटसुटीत शब्द आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला तो प्रिय आहे. पण सुट्या भागांच्या दुकानात तो उच्चारून काही हाती लागेल अशी आशा नाही, म्हणून येथे बेअरिंगच म्हणू. एकात एक बसलेली दोन पोलादी कडी, त्यांच्या खोबणीत छर्रे, आणि छर्ऱ्यांना अंतरावर ठेवणारा पिंजरा, एवढाच हा जिन्नस. बाहेरचे कडे हबमध्ये घट्ट बसते व चाकाबरोबर फिरते. आतले कडे आसावर स्थिर राहते. हबच्या दोन्ही बाजूंस एकेक बेअरिंग असते, आणि पुष्कळ गाड्यांत मागे चेनच्या दातेरी चकतीपाशी तिसरेही असते. हबच्या पोटात, दोन बेअरिंगांच्या मध्ये, एक साधी पोलादी नळी असते. तिला स्पेसर म्हणतात. आलेल्या पत्रात या नळीचा उल्लेखच नाही, आणि आमचा पहिला संशय तिच्यावरच आहे.

मागच्या आसाचा नट चांगला जोर लावून आवळावा लागतो. तो जोर एका बेअरिंगच्या आतल्या कड्यातून स्पेसरमध्ये आणि स्पेसरमधून पलीकडच्या कड्यात असा पोलादातून सरळ जातो. छर्ऱ्यांना त्याची झळ लागत नाही. स्पेसर हरवला असेल, किंवा झिजून अर्धा मिलिमीटर जरी आखूड झाला असेल, तर नट आवळताच दोन्ही आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात आणि छर्रे खोबणीच्या बाजूवर दाबले जातात. चाकातले बेअरिंग मुख्यतः वरून येणारा भार पेलण्यासाठी घडविलेले असते. बाजूचा असा अखंड दाब त्याला सोसत नाही. ते तापते, ग्रीस पातळ होऊन निघून जाते, आणि काही महिन्यांत खोबणीचे पापुद्रे सुटू लागतात.

यापुढचा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. नट आवळला की चाक जड फिरते, हे मिस्त्रींच्या लक्षात येते. मग ते नट किंचित ढिला ठेवतात. चाक हलके होते आणि गिऱ्हाइकाचे समाधान होते. परंतु ढिल्या आसावर आतले कडे स्थिर न राहता फिरू लागते, स्पेसरची टोके घासते, आणि तो आणखी आखूड होतो. त्यामुळे पुढल्या खेपेचे बेअरिंग आधीच्याहूनही लवकर जाते. ही मुदत दर वेळी कमी होत गेली आहे काय, हे जुन्या बिलांवरील तारखांवरून पाहावे.

परीक्षा सोपी आहे. चेन उतरवून, ब्रेक सैल करून, नट थोडाथोडा आवळत जावा आणि प्रत्येक टप्प्यास चाक हाताने फिरवून पाहावे. शेवटच्या आवळणीत ते जड झाले तर स्पेसर काढून लेथवाल्याकडे न्यावा व व्हर्नियरने मोजून घ्यावा. बहुतेक हबांत एक बेअरिंग हबच्या आतल्या खांद्याला पूर्ण टेकते, तर दुसरे स्पेसरला टेकून थांबते. म्हणजे स्पेसरची लांबी दोन खांद्यांमधील अंतराहून यत्किंचित जास्त चालेल, कमी मुळीच चालणार नाही. त्याची टोकेही काटकोनात हवीत. तो बदलावयाचा झाल्यास त्याच गाडीचा, कंपनीचाच घ्यावा. नळाच्या तुकड्यावर भागवू नये.

असाच पेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील एका कापड गिरणीत पडला होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचे, तिच्यासवे इमारत हले, यंत्रांना गती देणारे लांबच लांब दंड वाकडे होत आणि त्यांची बेअरिंगे वारंवार निकामी होत. स्वेन विंगक्विस्ट हे तेथील अभियंते. दंड थोडा तिरका झाला तरी त्याबरोबर स्वतः कलणारे, छर्ऱ्यांच्या दोन ओळींचे बेअरिंग त्यांनी १९०७ साली तयार केले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेली एसकेएफ ही कंपनी त्या शोधावर उभी राहिली. मोटारसायकलीच्या चाकात मात्र असे कलणारे बेअरिंग नसते. तेथे जमीन खचली तर जमीनच दुरुस्त करावी लागते.

म्हणून मिस्त्रींकडून जुने बेअरिंग मागून घ्यावे. सील काढून आधी ग्रीस पाहावे, मगच ते डिझेलमध्ये धुवावे. छर्ऱ्यांची चाकोरी खोबणीच्या मध्यावर नसून एका काठाकडे सरकलेली दिसली, तर स्पेसरवरचा संशय बळावतो. ग्रीस तांबूस चिखलासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. रबरी सील धूळ व शिंतोडे अडविते. धुलाई केंद्रातील जोराच्या फवाऱ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. त्यात दूरवरून आल्याबरोबर तापलेल्या हबवर गार पाणी मारले तर आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. गाडी निवू द्यावी, आणि आसाच्या टोकांवर फवारा धरू देऊ नये.

खोबणीत छर्ऱ्यांच्या अंतराने सारखे खळगे पडलेले असतील तर ते बहुधा हातोडीचे काम. बेअरिंग हबमध्ये बसविताना जोर बाहेरच्या कड्यावरच पडला पाहिजे. आतल्या कड्यावर ठोकले तर प्रत्येक घाव छर्ऱ्यांतून जातो, आणि रस्त्यावर येण्यापूर्वीच बेअरिंग अर्धे मेलेले असते. जुने बाहेर काढताना आतल्या कड्यावर ठोकण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते, म्हणून एकदा काढलेले पुन्हा बसवू नये. जाणते मिस्त्री हब गरम करून घेतात आणि नवे बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावयास सांगतात. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे फारशी ठोकाठोक न करता ते जागी जाते. बर्फाच्या कप्प्यात ही वस्तू कोणाच्या हाती लागल्यास घरात खुलासा करण्याची तयारी मात्र ठेवावी.

बाहेरच्या कड्याची पाठ आरशासारखी चकाकत असेल, अथवा तिच्यावर तपकिरी भुकटी असेल, तर ते कडे हबमध्ये फिरत होते. नवे बेअरिंग अंगठ्याने दाबताच आत जाते तेथे हबचे घर सैल झाले आहे, असे निश्चित समजावे. कित्येक ठिकाणी घराच्या कडेला पंचाने टोचे मारून काम निभावले जाते. आमच्या मते ही फसवणूकच आहे, कारण चार टोच्यांवर कडे सरळ बसत नाही. लेथवर घर मोठे करून त्यात बुश बसविणे किंवा हब बदलणे, हेच खरे उपाय.

केवळ चेनकडचेच बेअरिंग जात असेल तर चेन अति ताणलेली नाही ना, हे पाहावे. खड्ड्यात चाक वर उचलले जाताना चेनला ढील उरली नाही, तर प्रत्येक हिसका बेअरिंगला बसतो. किती ढील हवी ते गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरांत दिलेले असते.

खरेदीविषयी थोडेसे. ६२०२ या आकड्याच्या बेअरिंगचे भोक १५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३५ आणि रुंदी ११ असते. ६३०२ चे भोक तेवढेच, पण व्यास ४२ व रुंदी १३. आकड्यापुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंस रबरी सील असते, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याची झाकणे, आणि ती पाणी अडवीत नाहीत. ‘हेही चालते’ असे दुकानदाराने सांगितले तरी सीलच्या जागी झाकण घेऊ नये. बिल पक्के घ्यावे, कारण नकली मालही विकला जातो.

नवी जोडी बसविल्यावर ५०० किलोमीटरांनी गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि चाक वरून व खालून धरून हलवून पाहावे. तसूभरही डुगडुग जाणवता कामा नये. मग रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, क्लच दाबून गाडी क्षणभर वाहू द्यावी. इंजिनाचा आवाज खाली येऊनही घरघर उरली आणि ती चाकाच्या वेगाबरोबर उतरत गेली, तर चाक पुन्हा खोलावे लागेल.