ती परतली नव्हतीच

अमेरिकेची सोल गायिका अरीथा फ्रँकलिन हिच्याविषयी एक ठरीव विधान केले जाते : ऐहिक गाण्यांत हरवलेली ही पाद्रीकन्या १९७२ साली चर्चमध्ये ‘परतली’. आम्हांला हे मुळीच मान्य नाही.

डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये वडील प्रवचने करीत. तेथेच तिचा गळा घडला. १९५६ साली, चौदाव्या वर्षी, तिची भक्तिगीतेही तेथेच ध्वनिमुद्रित झाली. १९६० पासून कोलंबिया कंपनीने तिच्याकडून जॅझ व लोकप्रिय गीते गाऊन घेतली. यश बेताचेच लाभले. १९६७ साली अटलांटिक कंपनीने तिला पियानोपाशी बसविले आणि चर्चमधला तोच स्वर उसळून वर आला. गीतांचे विषय बदलले, हे खरे. परंतु ओटिस रेडिंगचे ‘रिस्पेक्ट’ तिच्या कंठी मानवी प्रतिष्ठेची हाक ठरले. अशी हाक देवापासून दूर नेते काय?

जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री ‘अमेझिंग ग्रेस’ मुद्रित झाले. तिने चर्च कधी सोडलेच नव्हते, असे वडिलांनी तेथेच बजावले. २०१८ साली ती निवर्तली. चिठ्ठ्या डकविणारे मात्र उरले आहेत. त्यांनी आधी ऐकावे, मग न्याय करावा.