वरणाच्या पाण्यावर बाळ वाढत नाही



पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा संदेश आपल्याकडे बऱ्यापैकी रुजला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिन्यांखालच्या सुमारे 64 टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळत होते. घसरण त्यानंतरची आहे. सहा ते आठ महिन्यांच्या निम्म्याहून कमी बाळांना दुधाबरोबर वरचे अन्न सुरू झाले होते, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी जेमतेम 11 टक्के. उष्टावण हौसेने होते. पुढे वाटीत येते ते वरणाचे किंवा पेजेचे पाणी. सहा ते आठ महिन्यांच्या वयात दुधाखेरीज रोज सुमारे 200 किलोकॅलरी लागतात. पोट इवलेसे, ते पाण्याने भरले की दूधही कमी प्यायले जाते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो. डाळीचे सत्त्व पाण्यात उतरते ही समजूत चुकीची आहे. ते बहुतांशी तळाशी राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते.

घट्ट अन्न पचणार नाही, घशात अडकेल, ही भीती काळजीपोटीच असते. पण अडकतात ते अख्खे दाणे आणि कडक तुकडे. मऊ शिजवून कुस्करलेली, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट खिचडी मान सावरून आधाराने बसणारे बाळ नीट गिळते. गरिबीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. दाटपणाला जादा पैसा लागत नाही, डाळ-तांदूळ तेच. मात्र अंडे, भाजी आणि भरवायला लागणारा वेळ मजुरीवर जाणाऱ्या आईने कुठून आणायचा? आदिवासी भागांतल्या अमृत आहार योजनेत सात महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंडी किंवा केळी देण्याची तरतूद आहे. ती राज्यभरच्या अंगणवाड्यांत हवी.

दुसरी उणीव वेळापत्रकातली आहे. राष्ट्रीय लसीकरणात 14 व्या आठवड्यानंतरची लस थेट नवव्या महिन्यात येते. म्हणजे बाळाचा आहार बदलतो नेमक्या त्याच काळात आईला दवाखान्यात जायचे कारण उरत नाही. 2018 पासून आशाताईंची सहाव्या महिन्याची गृहभेट ठरलेली आहे, पण तिथे तोंडी सल्ला पुरणार नाही. त्या घरातलीच डाळ, त्या घरातलाच भात, चमचाभर तेल घालून आई आणि आजी दोघींसमोर कुस्करून दाखवावा, बाळाला भरवून दाखवावा आणि या जादा वेळेचा मोबदला आशाताईंना मिळावा, अशी आरोग्य विभागाकडे मागणी आहे.